ऑस्ट्रेलियात हिमयुगात फारसा बर्फच नव्हता, मग डिप्रोटोडॉनसारखे अवाढव्य प्राणी संपले कशाने?

मांजराकाठ:
नमस्कार मंडळी, गेले काही दिवस डिप्रोटोडॉनबद्दल हाताला लागेल ते वाचतोय आणि डोक्यात पार गोंधळ झालाय म्हणून इथं विचारतो. कांगारूसारखा पोटाला पिशवी असलेला प्राणी, पण वजन पावणेतीन टनाच्या आसपास, खांद्याशी जवळजवळ सहा फूट उंच, म्हणजे मापाने गेंडाच, आणि नातं मात्र वॉम्बॅट आणि कोआलाशी. जगात आजवर झालेल्या पिशवीवाल्या प्राण्यांत सगळ्यात मोठा. असा प्राणी होऊन गेला हेच मला इतके दिवस माहीत नव्हतं.

आता प्रश्न. सगळीकडे याला हिमयुगातला प्राणी म्हणतात. हिमयुग म्हटलं की आपल्या डोळ्यापुढे बर्फ आणि केसाळ मॅमथ येतात. ऑस्ट्रेलियात बर्फ होता का मुळात? आणि नसेल तर हिमयुग संपलं म्हणून हे प्राणी संपले असं जे लिहिलेलं असतं त्याला अर्थ काय? एका लेखात म्हणतात माणसाने मारून खाल्ले, दुसऱ्यात म्हणतात दुष्काळाने गेले, आणि दोघंही अगदी ठामपणे. कुणी अभ्यास केला असेल तर पुराव्यासकट सांगा. नुसतं 'दोन्ही कारणं असतील' यावर माझं समाधान होणार नाही.

दगडमाती:
प्रश्न आवडला. पहिला भाग आधी मिटवू. ऑस्ट्रेलियाच्या मुख्य भूमीवर हिमनद्या होत्या त्या फक्त स्नोई माउंटन्समध्ये, कॉशिउस्को शिखराच्या आसपास, आणि त्याही छोट्या. टास्मानियाच्या डोंगराळ भागात जरा जास्त. बाकी अख्खा खंड उघडा. पण हिमयुग ही सगळ्या पृथ्वीची गोष्ट आहे ना, उत्तर अमेरिका आणि युरोपवर एवढा बर्फ साठला तर ते पाणी समुद्रातूनच उचललं गेलं, त्यामुळे सगळ्यात थंड काळात म्हणजे साधारण 21,000 वर्षांपूर्वी समुद्र आजच्यापेक्षा 120 मीटरच्या आसपास खाली होता. न्यू गिनी, ऑस्ट्रेलिया आणि टास्मानिया ही सलग एकच जमीन होती, तिला साहुल म्हणतात. आज कार्पेंटारियाचं आखात आहे तिथं समुद्र नव्हता, मोठं सरोवर होतं. हवा थंड होतीच पण त्याहून त्रासदायक म्हणजे कोरडी. पाऊस कमी, वारा जास्त, मधल्या भागात वाळूच्या लांबच लांब टेकड्या सरकत होत्या. त्या टेकड्या आजही तिथं आहेत, फक्त आता झुडपांनी धरून ठेवल्यात. तर तिकडच्या प्राण्यांना हिमयुग भेटलं ते धुळीतून आणि आटत्या पाण्यातून.

आता खरी मेख ऐका. हे थंड आणि कोरडं चक्र एकदाच आलेलं नाही. गेल्या सात-आठ लाख वर्षांत साधारण लाखभर वर्षांच्या अंतराने ते येत राहिलं आणि डिप्रोटोडॉन, मोठे कांगारू वगैरे मंडळी त्यातली बरीच चक्रं पचवून जगली. दुसरं म्हणजे त्यांचे शेवटचे भरवशाचे पुरावे 40 ते 45 हजार वर्षांपूर्वीचे आहेत, आणि थंडीचा कळस झाला 21 हजारच्या सुमारास. म्हणजे प्राणी आधी गेले आणि सगळ्यात वाईट हवामान त्यानंतर वीसेक हजार वर्षांनी आलं. तुम्ही वाचलेलं 'हिमयुग संपलं आणि ते संपले' हे वाक्य उत्तरेकडच्या मॅमथवरून उचललेलं दिसतंय, इथं तारखाच जुळत नाहीत. हे एक पक्कं लक्षात ठेवा, पुढची सगळी चर्चा त्यावर उभी आहे.

टोरेन्सकाठ:
मी बरीच वर्षं अ‍ॅडलेडला आहे आणि हा विषय माझ्या अगदी जिव्हाळ्याचा आहे त्यामुळे थोडं लांबेल, सांभाळून घ्या 🙂

डिप्रोटोडॉन हे नाव रिचर्ड ओवेन या इंग्रज शास्त्रज्ञाने 1838 मध्ये दिलं, न्यू साउथ वेल्समधल्या वेलिंग्टन गुहांमधून इंग्लंडला पाठवलेल्या हाडांवरून. पण हा प्राणी अख्खा कसा होता ते कळलं साउथ ऑस्ट्रेलियातल्या लेक कॅलाबोनामुळे. 1892 मध्ये तिथल्या एका आदिवासी माणसाने सांगितलं की सरोवराच्या तळावर मोठमोठी हाडं पडलीत, मग अ‍ॅडलेडच्या म्युझियमने 1893 मध्ये खोदकाम केलं. एक-दोन नव्हे, शेकडो प्राणी निघाले. मराठवाड्यातल्या माणसाला हे लगेच समजेल, उन्हाळ्यात तलाव आटला की गाळावर वरून कोरडी पापडी धरते, गुरं पाण्याच्या आशेने आत जातात आणि पोटापर्यंत रुततात, तसंच ते झालेलं. पाय खाली चिकणमातीत उभे गाडलेले आणि शरीर वर. काहींच्या पोटाच्या जागी खाल्लेल्या पाल्याचे अवशेष मिळाले. एका मादीच्या पिशवीच्या जागी पिल्लाची हाडं होती. अडीच टनाच्या आईच्या पिशवीतलं पिल्लू, मला ते वाचलं तेव्हा कितीतरी वेळ दुसरं काही सुचलं नाही.

आणखी एक गोष्ट, ही अलीकडची आहे, 2017 ची. क्वीन्सलँडमधल्या डार्लिंग डाउन्सला सापडलेला डिप्रोटोडॉनचा पुढचा एक दात गिल्बर्ट प्राइस आणि त्यांच्या टीमने तपासला. हे पुढचे दात उंदराच्या दातांसारखे जन्मभर वाढत राहायचे, त्यामुळे दाताच्या लांबीवर काही काळाची नोंद ओळीने साठलेली असते. प्रत्येक भागातल्या खडकात स्ट्रॉन्शियम या मूलद्रव्याच्या समस्थानिकांचं (म्हणजे कमी-जास्त वजनाच्या अणूंचं) प्रमाण वेगळं असतं, खडकातून ते मातीत जातं, मातीतून गवतात, गवतातून दातात. टीमने दातावर ओळीने नमुने घेतले तर ते प्रमाण ठरावीक लयीत बदलत होतं आणि परत पहिल्यावर येत होतं. म्हणजे हा प्राणी दरवर्षी ऋतूप्रमाणे एका बाजूला जायचा आणि परत यायचा, फेरी साधारण 200 किलोमीटरची. आज जिवंत असलेला एकही पिशवीवाला प्राणी असं नियमित स्थलांतर करत नाही. आफ्रिकेतले विल्डबीस्ट जातात तसे हे कळपाने जात असतील. एका दातातून एवढं सगळं!

कोरडवाहू:
दगडमाती, तारखांचा मुद्दा मान्य आहे, पण त्यावरून हवामान सुटलं असं जे तुम्ही सुचवताय ते मला पटत नाही. हवामान म्हणजे फक्त 21 हजार वर्षांपूर्वीची थंडी नाही. आत्ता टोरेन्सकाठ यांनी कॅलाबोना सांगितलं, ते सरोवर आणि शेजारचं फ्रोम, आणि मधल्या भागातलं आयर, ही एके काळी प्रचंड पाणी असलेली सरोवरं होती. त्यांच्या जुन्या काठांवरच्या वाळूचं वय काढलं तेव्हा दिसलं की साधारण 48,000 वर्षांपूर्वीपासून ती आटायला लागली आणि नंतर कधी तशी भरलीच नाहीत. म्हणजे मोठे प्राणी जायचा काळ आणि खंडाच्या मधलं पाणी जायचा काळ एकाच ठिकाणी येतोय. आधीची चक्रं पचवली हे खरं, पण आधी पाणी परत यायचं. या खेपेला आलं नाही.

दुसरं असं की माणसाने मारले म्हणायचं तर शिकारीची जागा दाखवा. उत्तर अमेरिकेत मॅमथच्या बरगड्यांमध्ये भाल्याची टोकं मिळतात. ऑस्ट्रेलियात इतकी वर्षं खोदकाम चालू आहे, सगळ्यांनी मान्य केलेली अशी एकही जागा नाही. कडी स्प्रिंग्स म्हणून न्यू साउथ वेल्समध्ये एक ठिकाण आहे जिथं दगडी हत्यारं आणि या प्राण्यांची हाडं एकाच थरात आहेत, पण ती हाडं पाण्याने दुसरीकडून वाहून आली का यावर वर्षानुवर्षं भांडण चालूय.

तिसरं, माणूस ऑस्ट्रेलियात आला तो कमीत कमी 50,000 वर्षांपूर्वी, आणि उत्तरेतल्या मजेडबेबे निवाऱ्याची तारीख धरली तर 65,000. ती तारीख सगळे धरत नाहीत, ठीक आहे. पण क्वीन्सलँडच्या मॅके शहराच्या आतल्या बाजूला साउथ वॉकर क्रीकला जे जीवाश्म मिळाले त्यावरून मोठे प्राणी 40,000 वर्षांपूर्वीपर्यंत होते. म्हणजे दोघं दहा हजार वर्षं तरी एका खंडात राहिले. एवढा वेळ लागला तर त्याला 'मारून खाऊन संपवले' म्हणणं म्हणजे त्या लोकांवर फार मोठा आरोप आहे. आणि बऱ्याच प्रजाती अशा आहेत की त्यांचा शेवटचा पुरावा माणूस यायच्या कितीतरी आधीचा आहे, त्यांचं खापर कुणावर फोडणार?

दगडमाती:
कोरडवाहू, सरोवरांचा मुद्दा वजनदार आहे, तो मी हलका करत नाही. पण ती सरोवरं मध्य ऑस्ट्रेलियातली. किनाऱ्याकडच्या ओल्या भागातले, पार टास्मानियातले मोठे प्राणीही गेले, तिथं काय आटलं?

शिकारीच्या जागा नाहीत यावर माझं म्हणणं असं. अमेरिकेतली टोकं आपल्याला दिसतात कारण ती दगडाची आणि ओळखू येणारी आहेत. ऑस्ट्रेलियातले त्या काळचे लोक लाकडी भाले वापरत असतील तर ते कुजून गेले. शिवाय घटना 40 हजार वर्षांहून जुनी, अमेरिकेत ती टोकं बनवणाऱ्या क्लोविस लोकांच्या काळापेक्षा तिप्पट जुनी. आणि मुख्य म्हणजे यासाठी कत्तल व्हावी लागत नाही. मोठा प्राणी म्हणजे उशिरा वयात येणारा आणि एकेकच पिल्लू देणारा. प्रत्येक टोळीने वर्षाला थोडी पिल्लं जरी मारली तरी हजार-दोन हजार वर्षांत संख्या शून्यावर येते, आणि आपल्या आयुष्यात काही कमी होतंय हे मारणाऱ्याला जाणवतही नाही. ब्रूक आणि जॉन्सन या संशोधकांनी 2006 मध्ये हे गणित मांडलं होतं. त्यामुळे यात कुणावर आरोप नाही, त्या लोकांना कळायला मार्गच नव्हता.

आता मला सगळ्यात पटलेला पुरावा सांगतो. ईशान्य क्वीन्सलँडमध्ये लिंचेस क्रेटर नावाचं जुन्या ज्वालामुखीचं विवर आहे, त्यात हजारो वर्षांचा गाळ थरावर थर साठलाय. स्पोरोर्मिएला नावाची एक बुरशी असते, ती वाढते शाकाहारी प्राण्यांच्या शेणावर. थरात तिचे बीजाणू भरपूर म्हणजे आजूबाजूला मोठे चरणारे प्राणी भरपूर. तर 41,000 वर्षांपूर्वीच्या सुमारास हे बीजाणू एकदम घसरतात. त्याच्या जरा नंतर कोळशाचे कण वाढतात म्हणजे वणवे वाढले, आणि त्यानंतर पावसाळी जंगल जाऊन निलगिरीसारखी कोरडी झाडी येते. क्रम बघा, आधी प्राणी, मग आग, मग जंगल. आणि त्या वेळी तिथं हवामानात मोठा बदल नाही. पाला खाणारे गेले म्हणून वाळलेला पाला साठला आणि वणवे लागले असा त्याचा अर्थ लावतात, आणि मला तो बरोबर वाटतो. एका विवरावरून अख्खा खंड ठरत नाही हे मलाही कळतं, पण क्रम दाखवणारा पुरावा फार कमी मिळतो म्हणून त्याची किंमत जास्त.

आणि जेनिऑर्निस. दोनशे किलोच्या वरचा, न उडणारा, बदकांच्या कुळाजवळचा पक्षी. त्याच्या अंड्यांची जळालेली कवचं बऱ्याच ठिकाणी मिळालीत, आणि ती अशी जळालीत की एक कड काळी आणि दुसरी कोरी. वणव्यात अख्खं कवच भाजतं, असं एका कडेने जळायला निखाऱ्यांजवळ ठेवावं लागतं. ही अंडी त्याचीच का दुसऱ्या पक्ष्याची यावर वाद होता, 2022 मध्ये कवचातल्या प्रथिनांवरून तो बराचसा मिटला, जेनिऑर्निसचीच. म्हणजे हाडात भाला नाही सापडला, पण चुलीपाशी अंडं सापडलंय.

मांजराकाठ:
वा, एवढं मिळेल असं वाटलं नव्हतं, सगळ्यांचे मनापासून आभार. दोन शंका राहिल्या. एक, तारखांवरच जर सगळं अडलंय तर त्या नीट मोजता येत नाहीत का, एवढं विज्ञान पुढे गेलं. आणि कापल्याच्या खुणा असलेलं एक कांगारूचं हाड मिळालंय असंही वाचलं होतं, त्याचं काय झालं? दोन, आपल्याकडे हिमयुगात असे मोठे प्राणी होते का? असतील तर हत्ती, गेंडे, वाघ आपल्याकडे टिकले आणि तिकडे सगळंच गेलं असं का?

कोरडवाहू:
तारखांचं मी सांगतो. रेडिओकार्बन पद्धत साधारण 50,000 वर्षांपर्यंतच चालते आणि त्या टोकाशी आली की थोडासा ताजा कार्बन मिसळला तरी वय हजारोंनी चुकतं. नेमका आपला प्रसंग त्याच टोकावर आहे. त्यात ऑस्ट्रेलियातल्या उन्हाने हाडातलं कोलॅजन नावाचं प्रथिन टिकत नाही, म्हणजे मोजायलाच काही उरत नाही. म्हणून मग हाडाभोवतीच्या वाळूचं वय काढतात, वाळूच्या कणावर शेवटचं ऊन कधी पडलं होतं ते मोजता येतं. पण त्यात वय वाळूचं निघतं, हाडाचं नाही. हाड जुन्या थरातून उकरून नव्या वाळूत येऊन पडलं असेल तर फसगत. 2001 मध्ये रॉबर्ट्स आणि सहकाऱ्यांनी म्हणूनच फक्त सांधे जुळलेले सांगाडे असलेल्या जागा धरल्या, कारण वाहून आलेल्या हाडांचे सांधे जुळलेले राहत नाहीत. त्यांचं उत्तर आलं सुमारे 46,000 वर्षं. पद्धत मला आवडली, निष्कर्ष पूर्ण पटला नाही, कारण त्याने कित्येक जागा गणतीतूनच बाद होतात.

ते हाड म्हणजे वेस्टर्न ऑस्ट्रेलियातल्या मॅमथ केव्हमधलं, आखूड तोंडाच्या नामशेष कांगारूच्या नडगीचं. 1980 मध्ये त्यावरची खाच माणसाने मांस काढताना केलीय असं छापून आलं आणि शिकारीचा पुरावा म्हणून ते पुढे सगळीकडे सांगितलं गेलं. ज्यांनी तो अभ्यास केला त्यांच्यातल्याच मायकेल आर्चर यांनी सहकाऱ्यांबरोबर ते हाड आता 2025 मध्ये स्कॅन करून परत तपासलं. खाच आधीच पडलेल्या भेगांच्या नंतरची निघाली. म्हणजे हाड वाळून तडकल्यावर ती केलेली. ताज्या शिकारीची नव्हेच, तिथल्या लोकांनी जीवाश्म म्हणून ते उचलायचा प्रयत्न केला असावा. चाळीस-पंचेचाळीस वर्षांनी स्वतःचाच निष्कर्ष फिरवला, याला मी खरा अभ्यास म्हणतो. आणि मला यातली दुसरी बाजूच जास्त आवडते, त्या लोकांना जीवाश्मांचं अप्रूप होतं.

खापरतुकडा:
भारताचं मी सांगतो, माझा थोडाफार पुरातत्त्वाशी संबंध आला आहे.

होते, आणि तुमच्या दारातच होते! मांजरा नदीच्या गाळात, तुमच्या लातूर भागात, नामशेष हत्तीची आणि पाणघोड्याची हाडं मिळालीत. हो, पाणघोडा, आपल्या नद्यांमध्ये. नर्मदेच्या खोऱ्यात तर पॅलिओलोक्सोडॉन म्हणजे सरळ लांब सुळ्यांचा हत्ती होता, आजच्या हत्तीपेक्षा खूप मोठा, आणि स्टेगोडॉन हा हत्तीचा नामशेष भाऊबंदही होता. आणि जळगाव जिल्ह्यात चाळीसगावजवळ पाटणे इथं झालेल्या उत्खननात शहामृगाच्या अंड्याच्या कवचाचे मणी आणि नक्षी कोरलेला तुकडा मिळाला, वय साधारण 25,000 वर्षं. म्हणजे तेव्हा खानदेशात शहामृग फिरत होते.

पण आपल्याकडे गेले ते मोजके. दोन जातीचे हत्तीवर्गीय, पाणघोडा, एक रानटी घोडा, शहामृग, अशी यादी लवकर संपते. गेंडा, गवा, वाघ, आपला हत्ती, सगळे आजपर्यंत आले. याचं जे स्पष्टीकरण दिलं जातं ते ऑस्ट्रेलियाच्या वादात थेट उपयोगी आहे. भारतात माणूस किंवा माणसाचे पूर्वज फार जुने, तमिळनाडूत अत्तिरमपक्कमला मिळालेली दगडी हत्यारं साधारण 15 लाख वर्षांपूर्वीची आहेत. इथल्या जनावरांना दोन पायांच्या शिकाऱ्याची लाखो वर्षांची ओळख होती, भ्यायचं कधी आणि पळायचं कधी हे पिढ्यान्‌पिढ्या मुरलेलं. साहुलमधल्या प्राण्यांनी मात्र माणूस कधी पाहिलाच नव्हता, तो समुद्र ओलांडून एकदम आला. त्यामुळे या वादात मी दगडमातींच्या बाजूला झुकतो. कोरडवाहू यांची सरोवरं मला खोटी वाटत नाहीत, पण आफ्रिका आणि भारतात कमी नुकसान, ऑस्ट्रेलिया आणि अमेरिकेत प्रचंड, हा जो जगाचा नकाशा दिसतो तो फक्त हवामानाने कसा समजवायचा?

कोरडवाहू:
नकाशाचा प्रश्न खरा आहे, त्याला माझ्याकडे चांगलं उत्तर नाही. पण अमेरिकेतले प्राणी गेले तेव्हा तिथं हवामानही झपाट्याने बदलत होतं, त्यामुळे ती एकतर्फी साक्ष धरू नका. माझं म्हणणं एवढंच की पाणी परत आलं असतं तर थोड्याशा शिकारीने ते संपले नसते. आटलेल्या देशात उरलेल्या चार पाणवठ्यांवर प्राणी आणि माणूस दोघंही एकत्र आले, तिथं दोन्ही कारणांचा एकमेकांशी संबंध येतो. प्रश्नकर्त्यांना नुसतं 'दोन्ही' नको होतं, म्हणून कसं ते सांगितलं.

टोरेन्सकाठ:
कुणी इकडे येणार असेल तर हे सगळं डोळ्यांनी बघायची सोय आहे म्हणून सांगते. साउथ ऑस्ट्रेलियातच नाराकूर्ट गुहा आहेत, अ‍ॅडलेडहून गाडीने साधारण साडेतीनशे किलोमीटर, 1994 पासून जागतिक वारसा यादीत. 1969 मध्ये रॉड वेल्स आणि ग्रँट गार्ट्रेल हे दोघं तिथल्या एका गुहेत दगडांच्या फटीतून सरपटत आत गेले आणि पलीकडच्या दालनात जमीनभर हाडं दिसली. गुहेच्या छताला भोकं होती, वरून चालणारे प्राणी हजारो वर्षं त्यातून पडत राहिले, बाहेर यायला वाट नाही, त्यामुळे साधारण पाच लाख वर्षांमधल्या प्राण्यांची नोंद तिथं आहे.

तिथं थायलॅकोलिओचा म्हणजे पिशवीवाल्या सिंहाचा सांगाडा उभा केलाय तो जरूर बघा. शंभर-सव्वाशे किलोचा. हा सिंह मांजर कुळातला नाही, वॉम्बॅटच्याच गोतावळ्यातला, शाकाहारी घराण्यात निघालेला शिकारी. तोंडात वाघासारखे सुळे नाहीत. त्याऐवजी पुढचे दात सुळ्यांचं काम करतात, आणि गालाशी दोन्ही बाजूंना एकेक लांबलचक दात, कात्रीच्या पात्यासारखा सरळ. पुढच्या पंजाच्या अंगठ्याला वेगळीच मोठी नखी, पकडून ठेवायला. सांगाड्याच्या बाजूला उभं राहून तो दात नीट न्याहाळा, फोटोत त्याची लांबी कळत नाही. शेजारीच आखूड तोंडाच्या कांगारूचा सांगाडा आहे, त्याच्या मागच्या पायाला एकच बोट, घोड्याच्या खुरासारखं. त्याच गटातला सगळ्यात मोठा प्रोकॉप्टोडॉन, सव्वादोनशे किलोच्या पुढचा, तो उड्या मारत नसावा, दोन पायांवर चालत असावा असं हाडांच्या अभ्यासावरून म्हणतात.

जाताना एक करा, गुहेत कायम गारवा असतो म्हणून उन्हाळ्यातही अंगात काहीतरी घाला, आणि व्हिक्टोरिया फॉसिल केव्हची, म्हणजे त्या हाडांच्या गुहेची, टूर आधी बुक करा, गाइडशिवाय आत सोडत नाहीत. मांजराकाठ, तुम्ही कधी आलात तर इथंच मेसेज टाका, मी येते बरोबर.